शनिवारचा मका

नोकरीतली बहुतेक प्रकरणे आता विसरलो आहे. काहींचे गुन्हा रजिस्टरचे नंबर आठवतात, माणसे आठवत नाहीत. या एका प्रकरणाचे उलटे झाले आहे. त्याचा नंबर माझ्या कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हता, कारण तपास माझा नव्हता. पण मेलेल्या अकरा हरणांची छायाचित्रे अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत. तीस वर्षांत मी माणसांची मढी पुष्कळ पाहिली, हरणांची ही पहिलीच.

महाराष्ट्र पोलिसांतल्या नोकरीची शेवटची तीन वर्षे मी टोकियोतल्या आपल्या वकिलातीत प्रतिनियुक्तीवर होतो. काम रुक्ष होते. हरवलेल्या पासपोर्टांचे जबाब घ्यायचे, मृतदेह मायदेशी पाठवण्याची कागदपत्रे पाहायची. एखाद्या भारतीयाला तिथल्या पोलिसांनी अटक केली, तर त्याला भेटायचे, घरी कळवायचे, वकील मिळाला की नाही ते पाहायचे आणि अहवाल लिहायचा. तपासात ढवळाढवळ करायची नाही, हा पहिला नियम. भेटीत गुन्ह्याबद्दल विचारायचे नाही, हा दुसरा. या प्रकरणात मी पहिला नियम मोडला. तसे अहवालात लिहिले आहे.

जानेवारीतल्या एका बुधवारी सकाळी फॅक्स आला. टोकियोपासून ट्रेनने दोन तास आणि पुढे बसने पाऊण तास, अशा डोंगरातल्या एका लहान ठाण्याचा. भारतीय पुरुष, वय छत्तीस, राहणार हिगाशी-कसाई, एदोगावा. एका कंपनीत सॉफ्टवेअर अभियंता. विष घालून वन्य प्राणी मारल्याचा संशय. जपानमध्ये परवाना असेल तर हरणाच्या शिकारीला बंदूक चालते, सापळा चालतो, विष चालत नाही. शिवाय त्या भागात हरणाचे मांस लोक खातात. विषाची शंका आली की ते प्रकरण हरणांपुरते राहत नाही.

ठाणे दुमजली होते. दारात फावडी आणि बर्फ झाडायचे खराटे रांगेने लावलेले, आत रॉकेलची शेगडी, तिच्यावर किटली. ठाणे अंमलदाराने माझे ओळखपत्र तीनदा पाहिले आणि तीन रजिस्टरांत लिहिले. कामाची ही पद्धत मला ओळखीची वाटली.

तपास अधिकारी माझ्याच वयाचा होता. निवृत्तीला दीड वर्ष राहिले होते. त्याला इंग्रजी येत नव्हते आणि माझे जपानी बाजारहाटापुरते. मधे दुभाषी होत्या, साठीच्या एक जपानी बाई. पतीच्या नोकरीमुळे त्या सहा वर्षे पुण्यात राहिलेल्या. त्यांचे मराठी ऐकून मी माझे सुधारले.

अधिकाऱ्याने फाईल उघडली. डिसेंबरच्या शेवटी खबर आली होती. फोनवर एक बाई म्हणाल्या, वरच्या ओढ्याकाठी हरणे मरून पडली आहेत. डोंगरातल्या जुन्या घरात शनिवारी येणारा परदेशी माणूस पोत्यातून काहीतरी पिवळे टाकतो. बाईंनी नाव सांगितले नव्हते.

"निनावी फोन?" मी विचारले.

"गावात एकोणीस घरं आहेत," अधिकारी म्हणाला. "निनावी कोण राहणार? आवाजावरून शेतसुद्धा सांगतो मी. मुळ्याचं शेत आहे त्या बाईंचं."

पंचनामा व्यवस्थित होता. पहिल्या आठवड्यात तीन हरणे, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात तीन. अंगावर गोळी नाही, पायाला फासाची खूण नाही. पोटे फुगलेली, मागचे पाय घाणीने माखलेले. जवळजवळ सगळी ओढ्याकडे तोंड करून पडलेली. पोटात मका. परदेशी माणसाच्या घरात भरड्या मक्याची दोन पोती सापडली, गुरांना घालतात तो मका. त्याला पांढरी भुकटी लागलेली होती. प्रयोगशाळेने भुकटी ओळखली, बोरिक. जपानी घरांत ती झुरळे मारायला वापरतात.

"आणि तो काय म्हणतो?"

"आधी म्हणाला, मका माझा नाही. मी टाकला नाही. आम्ही पोती विकणाऱ्या दुकानाचा कॅमेरा पाहिला, त्यात तो पोतं उचलताना दिसतो. मग म्हणाला, टाकला, पण विष घातलं नाही. कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर गप्प." अधिकाऱ्याने फाईल मिटली. "पहिला जबाब खरा दिला असता, तर आज तो घरी असता."

माणूस पुराव्याने अडकतो त्याहून जास्त पहिल्या खोट्या जबाबाने अडकतो, हे मी आमच्याकडेही पाहिले आहे. आणि पहिला खोटा जबाब बहुतेक वेळा स्वतःला वाचवायला दिलेला नसतो.

भेटीच्या खोलीत मधे काच होती. तो समोर येऊन बसला. दाढी वाढलेली, पण शर्टाची बटणे गळ्यापर्यंत लावलेली. मागे एक शिपाई वही घेऊन बसला. दुभाषी बाई माझ्या बाजूला.

"नमस्कार साहेब. घरी कळलंय?"

"कळलंय. जेवण मिळतं का नीट?"

"मिळतं. भात असतो, लोणचं असतं. मासा मी खात नाही. शेजारच्या कोठडीतल्याला द्या म्हटलं, तर ते म्हणाले, तसं देता येत नाही. रोज तसाच परत जातो बिचारा मासा."

"मी सांगते त्यांना," बाई म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतले.

"साहेब, तो मका—"

बाईंनी बोट वर केले. "गुन्ह्याबद्दल बोलता येणार नाही."

"बाई, तुम्ही पुण्यात पेठेत राहत होता का?" मी विचारले.

"नाही, कोथरूडला. पण नियम पेठेतलाच आहे."

तो पहिल्यांदा हसला. मग एकदम गंभीर झाला. "व्हिसा जाईल का, साहेब? मुलगी तिसरीत आहे. मार्चमध्ये वर्ष संपेल. बायकोला आत्ता कुठे पूर्णवेळ नोकरी लागलीय."

मी खोटे बोललो नाही. "विषाचा आरोप सिद्ध झाला, तर जाईल. नोकरीही जाईल."

"विष मी घातलं नाही. एवढंच सांगतो. बाकीचं एका म्हाताऱ्या माणसाला दिलेल्या शब्दाचं आहे. तो मी मोडणार नाही. तुम्ही घरी सांगा, काळजी करू नका म्हणावं."

बाईंनी हे जपानीत सांगितले आणि शिपायाने लिहिले. काचेपलीकडचा माणूस समाधानाने मान हलवत होता. त्याला वाटत होते, त्याने काहीच सांगितलेले नाही.

म्हातारा कोण, हे अधिकाऱ्याला आधीच माहीत होते. मला परतीच्या बसपर्यंत सोडताना त्याने गाडी मुद्दाम वरच्या रस्त्याने घेतली. दुभाषी बाई मागे बसल्या होत्या. एका वळणावर त्याने गाडी थांबवली. रस्त्याच्या खाली, सीडरच्या झाडांमध्ये एक मोकळी सपाट जागा होती. बर्फ तुडवून तिथे चिखल झालेला.

"ही जागा आमच्या गावच्या शिकाऱ्याची. वय एक्क्याऐंशी. पूर्वी कुत्रा घेऊन या डोंगरावर दिवसभर चढायचा. गुडघे गेल्यावर त्यानं हरणांनाच खाली बोलवायला सुरुवात केली. इथं मका टाकायचा आणि वाटेवर फास लावायचा. दोन हिवाळे झाले."

"बेकायदा आहे?"

"कायद्यात नाही. शिकारी मंडळानं गावापुरती मक्याला बंदी केलीय." तो बोटे मोजत नव्हता, कंटाळलेल्या आवाजात एकेक सांगत होता. "मका काही हरणाचं नाव लिहून टाकता येत नाही. आधी रानडुकरं आली. मका संपला की खालच्या शेतात उतरायची. त्या बाईंचा मुळा असाच गेला. मग अस्वल आलं, डिसेंबरात, अस्वलं हिवाळाभर झोपायला जातात तेव्हा. पंधरा दिवस मुलांना शाळेत गाडीतून सोडावं लागलं. हरणं पूर्वी वरच्या धारेवर असायची, ती रस्त्याला आली. दोन मोटारींना धडकली. फासात एकदा कामोशिका सापडलं, रानबकरीसारखं असतं, संरक्षित आहे. मी स्वतः सोडवलं. अजून मांडीवर वळ आहे."

"मग त्याला कुणी बोललं नाही?"

"एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाला कोण बोलणार? मी बोलायला हवं होतं. मी त्याच्याकडे जायचो, चहा प्यायचो, हवेबद्दल बोलायचो आणि परत यायचो." त्याने गाडी सुरू केली. "डिसेंबरच्या सुरुवातीला घसरून पडला, खुबा मोडला. इस्पितळात आहे. फास मीच काढून आणले. मला वाटलं, मकाही थांबला असेल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हिगाशी-कसाईला गेलो. इमारतीच्या पाचव्या मजल्यावर घर. त्याच्या पत्नीने दार उघडले. ऑफिसचे कपडे अजून अंगावरच होते. मुलगी टेबलाशी बसून गृहपाठ करत होती. आईने मराठीत विचारलेल्याला जपानीत उत्तर देत होती.

मी निरोप दिला आणि मक्यात सापडलेल्या भुकटीचेही सांगितले. ती खाली बसली नाही.

"काका, तुम्ही पोलीस आहात ना? मग मी आधी सांगते. ती पावडर मी लावली."

"कशाला?"

"नोव्हेंबरात लागून सुट्टी होती, तेव्हा आम्ही तिकडे राहायला गेलो होतो. ओजीसान मक्याची पोती आमच्या घरात ठेवायचे. त्यांत टोके झाले होते. माझी आई वर्षाच्या तांदळाला बोरिक पावडर लावून ठेवते. आमच्याकडे सगळेच लावतात. म्हटलं, ओजीसानचा मका वाया जाईल. यांना सांगितलंही नाही, त्यात सांगण्यासारखं काय आहे?" तिने दोन्ही तळहात माझ्यापुढे धरले. "माझ्या हातानं मेली का हो ती?"

मी विचारले, पावडर किती होती. तिने तळहातावर चिमूट दाखवली, मग दुसरी. दोन पोत्यांना चार चमचे. मी काही डॉक्टर नाही, पण लहानपणापासून तसलेच तांदूळ धुऊन खात आलो आहे.

ओजीसान म्हणजे तो म्हातारा शिकारी. त्याच्या शेजारचे रिकामे घर यांनी दोन वर्षांपूर्वी जवळजवळ फुकटात घेतले होते. बर्फ कसे झाडायचे, पाण्याचे नळ गोठू नयेत म्हणून काय करायचे, हे सगळे त्यानेच शिकवले. विमाने बंद होती त्या काळात नवऱ्याचे वडील लातूरकडे वारले. त्याला जाता आले नव्हते.

"तेव्हापासून हे त्यांना बाबांच्या जागी मानतात," ती म्हणाली. "ते पडल्यावर इस्पितळात हे भेटायला गेले, तेव्हा त्यांनी सांगितलं, मका चालू ठेव. शिकार नाही करायची, पण हरणांची सवय मोडू देऊ नको, मी मार्चमध्ये परत येतो. आणि कुणाला सांगू नको, मंडळाचे लोक चिडतील."

ती चहासाठी दूध काढायला उठली आणि फ्रीज उघडला. आत वरपासून खालपर्यंत एकसारखे डबे होते. प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी आणि पेनने लिहिलेला वार. सोम, मंगळ, बुधचे डबे धुऊन पालथे घातलेले. गुरुवारचे डबे बाहेर ओट्यावर होते. शुक्रवारच्या डब्यात कणीक दिसत होती.

"हे सगळं एकदम करता?"

"रविवारी. भाज्या, कणीक, हिचा शाळेचा डबा, सगळं. दोघंही सातला बाहेर पडतो, आठला येतो. रोज कोण करणार?" ती थोडे लाजून म्हणाली. "सासूबाई फोनवर ओरडतात. म्हणतात, शिळं खाता. पण आमच्याकडे सगळं आठवड्याचंच असतं."

मी थोडा वेळ त्या डब्यांकडे पाहत राहिलो.

"मका टाकायला तो रोज जायचा का?"

"रोज कसे जातील, काका? शनिवारी. ओजीसान रोज सकाळी एक पातेलं टाकायचे. यांनी हिशेब केला. सात पातेली म्हणजे एक पोतं. शनिवारी दुपारच्या बसनं जायचं, पोतं रिकामं करायचं, रविवारी परत."

मी चहा तसाच ठेवला आणि दुभाषी बाईंना फोन लावला.

याचे कारण सांगायला हवे. नोकरीच्या चौथ्या वर्षी मी एका तालुक्याच्या ठाण्यात होतो. एका शेतकऱ्याच्या दोन म्हशी मेल्या. त्याने शेजाऱ्यावर विषाची फिर्याद दिली. दोघांत बांधाचे भांडण होते, हेतू तयार होता. मी शेजाऱ्याला आत घेतला. चार दिवसांनी जनावरांच्या डॉक्टरांचा अहवाल आला. म्हशी दावे तोडून खळ्यावरच्या मक्याच्या ढिगात शिरल्या होत्या. रवंथ करणाऱ्या जनावराला वैरणीची सवय असते. त्याने एकदम पोटभर दाणा खाल्ला की तो पोटात आंबतो, पोट फुगते, हगवण लागते, तहान तहान होते आणि दोन दिवसांत जनावर जाते. विष लागतच नाही. डॉक्टर म्हणाले होते, "साहेब, कुठल्याही गुराख्याला विचारलं असतं, तरी सांगितलं असतं." मी विचारले नव्हते. त्या चार दिवसांच्या कोठडीच्या कागदावर माझी सही आहे. शेजारी सुटल्यावर गाव सोडून गेला.

ओढ्याकडे तोंड करून पडलेली हरणे मी बुधवारी छायाचित्रांत पाहिली होती. पाण्याला आली होती, एवढेच तेव्हा मनात आले. आपल्याला ठाऊक असलेली गोष्टसुद्धा दुसऱ्या देशात, दुसऱ्या जनावरात ओळखायला दीड दिवस लागला.

फोनवर मी जे सांगितले ते बाईंनी अधिकाऱ्याला सांगितले. त्याचे उत्तर थोडक्यात आले. बाई म्हणाल्या, "ते म्हणतात, आमची विषाची तपासणी झाली. पोटातल्या अन्नाचा आंबटपणा कुणी मोजला नाही. नमुने अजून बर्फात आहेत."

पशुवैद्यकाचा तोंडी निष्कर्ष शुक्रवारी दुपारीच आला. बोरिकचे प्रमाण हरणाला मारण्याच्या जवळपासही नव्हते. पोटे आतून आंबून गेलेली होती. बर्फामुळे महिनाभर साली आणि वाळकी पाने खाणाऱ्या हरणांपुढे एक पोते मका एकदम आला होता. रोज एक पातेले पडायचे, तेव्हा तो वीस तोंडांत वाटला जायचा आणि घटकेत संपायचा. पोते पडले तेव्हा जी दांडगी होती ती आधी आली, इतरांना हटवून तिथेच उभी राहिली आणि खात राहिली. मेलेल्या अकरांतली नऊ पूर्ण वाढीची होती. जी घाबरट होती, ती वाचली.

सोडवायला मात्र एवढे पुरणार नव्हते. रोज एक पातेले, हे म्हाताऱ्याच्या तोंडून यायला हवे होते. आरोपीची बायको सांगते, तो पुरावा नव्हे.

शनिवारी अधिकारी इस्पितळात गेला. मी आणि दुभाषी बाई बरोबर होतो. कागदावर मी आजारी वृद्धाची विचारपूस करायला आलेला वकिलातीचा माणूस होतो. म्हातारा उशीला टेकून बसला होता. हात अजून रुंद होते. अधिकाऱ्याला पाहिल्यावर हवेबद्दल काही बोलला. अधिकारी या वेळी हवेबद्दल बोलला नाही.

"तो भारतीय मुलगा दहा दिवसांच्या कोठडीत आहे. त्यानं तुमचं नाव घेतलेलं नाही."

म्हातारा एकदम म्हणाला, "मका माझा. जागा माझी. त्याला सोड."

"विष?"

"विष कशाला घालीन? मला खायची असतात ती."

"किती टाकायला सांगितलं होतं?"

"रोज एक पातेलं."

"तो केव्हा यायचा?"

म्हाताऱ्याने तोंड उघडले आणि मिटले. खिडकीबाहेर एक माणूस मोटारीवरचे बर्फ खरडत होता.

"शनिवारी," म्हातारा शेवटी म्हणाला. "तो शनिवारचा माणूस." मग दुभाषी बाईंकडे न बघता, माझ्याकडे बघून बोलत राहिला, जणू मला समजत होते. "माझ्या वडिलांकडे बैल होता. कोठारात शिरून असाच गेला. मला हे माहीत होतं. रोज म्हणताना मी माझा रोज सांगितला. त्याच्याकडे तसा रोज नव्हता. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं." थोड्या वेळाने त्याने विचारले, "किती गेली?"

"अकरा."

"दोन हिवाळ्यांत मला फासात चार मिळाली," म्हातारा म्हणाला. "चार."

जबाब त्याने स्वतः वाचला, एक अक्षर दुरुस्त केले आणि सहीच्या जागी आपला शिक्का उठवला. सापळ्याचा परवाना उशीखालच्या पाकिटात होता. तो त्याने न मागता अधिकाऱ्याच्या हातात दिला.

कोठडीचे दहा दिवस पुरे व्हायच्या आधी अभियंता सुटला. खटला भरला गेला नाही. सुटताना त्याला सगळे सांगण्यात आले. विष नव्हते, व्हिसा राहील, हे ऐकताना तो मान हलवत होता. हरणे कशाने मेली, हे ऐकल्यावर मान हलायची थांबली.

"म्हणजे मीच," तो म्हणाला.

अधिकाऱ्याने त्याच्या सामानाची पिशवी पुढे सरकवली.

"मी चुकलो असतो तर गोष्ट वेगळी, साहेब. मी एकही शनिवार चुकवला नाही. ताप होता तरी गेलो." मग त्याने अधिकाऱ्याला विचारले, "माफी कुणाची मागू?"

"एकोणीस घरं आहेत," अधिकारी म्हणाला. "खालून सुरुवात कर."

नवराबायको दोघे गेले. प्रत्येक घराला बेसनाच्या लाडवांचा एक डबा. दुभाषी बाईंनी मला नंतर सांगितले, एकोणीस डब्यांचे लाडू तिने एका रविवारी केले होते. फोन करणाऱ्या बाईंनी डबा घेतला, दारातच उघडून एक लाडू खाल्ला आणि म्हणाल्या, "गोड जास्त आहे. माझा मुळा गेला तो गेलाच." पण त्यांनी आत बोलावून चहा दिला.

व्हिसा वाचला, टोकियो मात्र वाचले नाही. कंपनीने मार्चअखेर त्याला परत बोलावले. पत्रात अटकेचा उल्लेख नव्हता. मुदत पूर्ण झाली, असे लिहिले होते. मुदतीला वर्ष बाकी होते. बायकोने नोकरी सोडली. मुलीला पुण्यात मराठी वाचायला शिकवणी लावावी लागली. जाण्याआधी ते तिघे म्हाताऱ्याला भेटले. तिथे काय बोलणे झाले ते मला माहीत नाही, मी विचारलेही नाही.

त्याच वर्षी मी निवृत्त झालो. या प्रकरणाने काय शिकवले, असे कुणी विचारले तर सांगण्यासारखे थोडेच आहे. कुणी केले आणि का केले, हे दोन प्रश्न मी तीस वर्षे विचारले. केव्हा आणि किती, हे प्रश्न मी कागदाचे रकाने भरण्यापुरते ठेवले होते. म्हशींच्या वेळी ते विचारले नाहीत आणि एक माणूस गाव सोडून गेला. हरणांच्या वेळी फ्रीज उघडा पडला म्हणून विचारले गेले. मला दुष्ट माणसे कमी भेटली. दुसऱ्याचे काम मनापासून, पण आपल्या सवडीने करणारी माणसे फार भेटली. त्यांना कुठल्या कलमाखाली घ्यायचे, हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

पुढच्या जानेवारीत त्या अधिकाऱ्याचे नववर्षाचे कार्ड आले. तोही निवृत्त व्हायला आला होता. दुभाषी बाईंनी खाली पेन्सिलीने मराठी लिहिले होते: म्हातारा काठीने चालतो. मका कुणी टाकत नाही. रानडुकरे कमी झाली. हरणे मात्र अजून येतात. शनिवारी दुपारी, बस येते त्या सुमाराला. सीडरच्या झाडांत उभी राहतात, बर्फ उकरतात, बस जाईपर्यंत थांबतात, मग वर जातात.

त्यानंतर आठवड्याभराने अभियंत्याचा पुण्याहून फोन आला, नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्याने विचारले, "साहेब, तिकडची काही खबर? ती हरणं अजून येतात का हो त्या जागेवर?"

कार्ड माझ्यासमोर टेबलावर होते.

"नाही," मी म्हणालो. "विसरली असतील केव्हाच."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मोकळा झाला.

आयुष्यभर मी इतरांचे खोटे जबाब लिहून घेतले. हा माझा. इथे नोंदवून ठेवत आहे.